घरी आणलेले मांजर रात्री ओरडते तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकीच एकीने संसारातल्या एखाद्या उपयोगी विषयावर बोलावे, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. आजवर लोणची टिकवणे, मुलांचा अभ्यास, घरखर्चाची बचत असे विषय झाले. ह्या वर्षी कार्यकारिणीने मला उभे केले आणि विषयही त्यांनीच दिला. घरी आणलेले मांजर रात्री ओरडत असेल तर काय करावे, हा तो विषय. फळ्यावर विषय वाचून काही जणी हसल्या. पण ज्यांची झोप ह्या कारणाने मोडली आहे, त्या हसल्या नाहीत, हेही मी पाहिले.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी जे सांगणार आहे ते थोडे घरच्या अनुभवाचे आहे आणि थोडे जनावरांच्या डॉक्टरांना विचारून विचारून गोळा केलेले आहे. त्यांतले जे उपयोगी वाटेल ते आपण घ्यावे.

प्रथम आपल्या मनातल्या समजुतींविषयी बोलते. मांजर आडवे गेले की आपण दोन पावले थांबतो. रात्री मांजर रडले की कोणाच्या तरी घरी वाईट होणार, असे आपल्या आज्या म्हणत. पण त्याच आज्या षष्ठी देवीचे वाहन मांजर आहे असेही सांगत. म्हणजे तान्ह्या मुलाला सांभाळणारी देवी जिच्यावर बसून येते तीच ही. आणि मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला वाहावे लागते, असा धाकही त्याच घालत. आजचा सोन्याचा भाव पाहिला तर हा धाक पूर्वीपेक्षा जास्तच लागू पडेल! तेव्हा अपशकुनाचे म्हणणे आपण बाजूला ठेवू. मांजराच्या रडण्याने कोणाचे आयुष्य कमी होत नाही. मात्र शेजाऱ्यांची झोप खरोखर कमी होते आणि झोप कमी झाली की माणुसकीही कमी होते. म्हणून ह्या विषयाला महत्त्व आहे.

आता मांजर ओरडते कशासाठी? डॉक्टरांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मला फार पटली. मोठी झालेली मांजरे एकमेकांशी म्याऊ म्याऊ करून फारशी बोलत नाहीत. ती गुरगुरतात, फिस्कारतात, अंग घासतात. म्याऊ हा शब्द पिल्लू आपल्या आईला हाक मारण्यासाठी वापरते, आणि माणसाळलेले मांजर तोच शब्द पुढे जन्मभर माणसासाठी वापरते. म्हणजे रात्री घरातले मांजर म्याऊ करते तेव्हा ते बहुधा आपल्यालाच काही सांगत असते. खोड, हट्ट, मस्ती ही नावे आपण देतो. लहान मूल रात्री रडले तर आपण आधी पाहतो की दुपटे ओले आहे का, पोट दुखते का, भूक लागली का. धपाटा घालून त्याचे पोट दुखायचे थांबत नाही. मांजराच्या बाबतीतही आधी कारण शोधावे आणि मग उपाय करावा. माझ्या सगळ्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

दुसरी गोष्ट मांजराच्या घड्याळाची. मांजर दिवसाच्या चोवीस तासांतले बारा ते सोळा तास झोपते. पण त्याची जागे होण्याची वेळ आपल्यासारखी नसते. दिवेलागणीची वेळ आणि पहाट, ह्या दोन वेळांना त्याच्या अंगात चैतन्य येते, कारण त्याची शिकार, म्हणजे उंदीर-घुशी, त्याच सुमारास बाहेर पडतात. उंदराचे जे बारीक चीं-चीं आपल्या कानांना ऐकूही येत नाही, ते मांजराला स्वच्छ ऐकू येते. तेव्हा पहाटे चार वाजता मांजर उठून घरभर फिरले तर त्याने काही गुन्हा केला असे नाही. त्याचा तो कामावर जायचा वेळ आहे. फक्त आपल्या घरात त्याला काम नसते, म्हणून ते आपल्याला उठवते.

आता आमच्या ठकीची हकीकत सांगते, म्हणजे पुढचे सोपे जाईल.

आमच्या चाळीत तळमजल्यावर एक आजी एकट्या राहत. त्यांची मांजरी ही ठकी. आजींचे वय झाले, गुडघे चालेनात, तेव्हा त्यांच्या मुलीने त्यांना नाशिकला नेले. मुलीच्या घरी दमेकरी माणूस असल्यामुळे मांजर नेता येईना. निघताना आजींनी ठकीला माझ्या ओटीत घातले आणि म्हणाल्या, "सूनबाई, हिला टाकू नकोस." त्या मला सूनबाई म्हणत. मी हो म्हटले.

पहिल्याच रात्री अकराच्या सुमारास ठकी दारापाशी जाऊन ओरडू लागली. दार उघडले की जिना उतरून थेट आजींच्या कुलूप लागलेल्या दारासमोर बसायची आणि तिथे ओरडायची. चाळीच्या चौकात आवाज घुमतो, हे आपण सर्व जाणतो. थोडा वेळ शांत झाली की पुन्हा पहाटे चारला सुरू व्हायची, ती उजाडेपर्यंत. आमचे यजमान दयाळू. ते रात्री दोनला उठून तिला बशीभर दूध देत. दूध पिऊन ती गप्प बसे, आणि दुसऱ्या रात्री दोनलाही ओरडू लागे. अशा रीतीने आधी दोन वेळा होत्या, त्यांच्या तीन झाल्या.

पाचव्या दिवशी शेजारी गॅलरीत जमले. त्यांची तक्रार खोटी नव्हती. एका घरी दहावीचा मुलगा, एका घरी वीस दिवसांची बाळंतीण, आणि एकाला पहिल्या पाळीसाठी साडेचारला उठायचे. कोणी म्हणाले, पोत्यात घालून मासळी बाजारात सोडून देऊ, तिथे खायला मिळेल. पोतेसुद्धा आणले होते. मी हात जोडून सांगितले, "तुमचे म्हणणे बरोबर आहे. मला तीन आठवडे द्या. तेवढ्यात फरक पडला नाही, तर मी स्वतः हिच्यासाठी दुसरे चांगले घर पाहीन. पण पोते कोणी बांधायचे नाही." बरीच बोलाचाली झाली. शेवटी बाळंतिणीची सासू म्हणाली, "द्या हो तीन आठवडे. आपल्या घरीही रात्री एक रडतेच आहे." सगळे हसले आणि मला मुदत मिळाली.

दुसऱ्याच दिवशी मी ठकीला टोपलीत घालून वर फडके बांधले आणि डॉक्टरांकडे नेले. कारण दुखणे असेल तर बाकीचे सारे उपाय फुकट. डॉक्टरांनी दात, कान, पोट सर्व पाहिले. मांजरी निरोगी होती आणि तिची शस्त्रक्रिया आजींनी पूर्वीच करून घेतलेली होती. घरी येऊन मी आजींना फोन केला आणि विचारले, "तुम्ही हिला कसे ठेवत होतात ते मला पहिल्यापासून सांगा." तेव्हा उलगडा झाला. आजींची झोप कमी. त्या रोज चारला उठत, चहा टाकत आणि ठकीला बोंबलाचा तुकडा देत. अनेक वर्षांचा हा नेम. ठकीचा चारचा ओरडा म्हणजे तिच्या न्याहारीची वेळ होती. आणि ती निजायची आजींच्या पायथ्याशी, एका जुन्या गोधडीवर. ती गोधडी खोलीतच राहिली होती.

खोलीची किल्ली शेजारीच होती. मी गोधडी आणली. ती धुतली नाही, हे मुद्दाम सांगते. मांजराची ओळख वासावर असते. धुतली असती तर ती नुसती कुठलीही गोधडी झाली असती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, ओट्याखाली, एक खोके आडवे ठेवून त्यात गोधडी घातली. पाणी ठेवले. दुसऱ्या टोकाला घमेल्यात वाळू ठेवली. रात्री तिला बाहेर सोडायचे बंद केले. दोन आठवडे ती रात्री स्वयंपाकघरातच निजे. गोधडीचा वास घेतला तशी पहिल्या रात्री ती खोक्यात शिरली आणि तासभर बाहेर आली नाही.

रात्रीचे दूध बंद केले. यजमानांना थोडे जड गेले. त्याऐवजी रात्री दहाला आमची मुलगी सुतळीला चिंधी बांधून ठकीला पंधरा मिनिटे पळवी. उड्या, झडप, पकड, अगदी धाप लागेपर्यंत. मग लगेच पोटभर जेवण. डॉक्टर म्हणाले होते की शिकार, मग खाणे, मग अंग चाटणे आणि मग झोप, हा मांजराचा क्रम आहे. आपण तो क्रम आपल्या निजण्याच्या वेळेला आणून बसवायचा. चिंधीची सुतळी मात्र खेळ झाल्यावर उचलून ठेवावी. मांजर सुतळी गिळते आणि ती आतड्यात अडकते.

राहिली पहाट. इथे मी एक युक्ती केली. ठकी चारला ओरडते ना, मग मी पावणेचारचा गजर लावला. ती ओरडायच्या आधीच उठून तिच्यापुढे थोडे खाणे ठेवले आणि न बोलता परत निजले. दोन दिवस पावणेचार, पुढचे दोन दिवस चार, मग सव्वाचार. दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटे पुढे. ती मध्येच ओरडली तर ओरडणे थांबून पाच मिनिटे शांत गेल्याशिवाय मी स्वयंपाकघराचे दार उघडले नाही. खाणे तिच्या हाकेला मिळत नाही, घड्याळाला मिळते, हे तिला हळूहळू कळले. तिसरा आठवडा संपता संपता आम्ही सहावर आलो. त्या वेळेला सगळी चाळ जागीच असते. अजूनही गच्चीवर बोके भांडले की ठकी एखादी हाक देते. पण पोते आणणाऱ्या भाऊजींनीच परवा तिला कोळंबीची सालटे आणून दिली!

ही एका मांजराची गोष्ट झाली. पण प्रत्येक मांजराचे कारण निराळे असते. म्हणून आता सर्वांना लागू पडेल असे क्रमाने सांगते.

पहिले कारण परके घर. नवे मांजर आणले की त्याला लगेच सगळे घर दाखवू नये. एक खोली, आणि एकच खोली असेल तर एक कोपरा द्यावा. लपायला खोके, पाणी, खाणे, आणि खाण्यापासून दूर वाळूचे घमेले. जिथून मांजर आणले तिथले एखादे फडके मागून आणावे. पहिले दोन-चार दिवस मुलांनी त्याला उचलून घेऊ नये. बसून राहावे, मांजराने आपण होऊन जवळ यावे. काही मांजरे तीन दिवसांत रुळतात, काहींना तीन आठवडे लागतात, आणि हे घर माझे असे वाटायला महिनेही जातात. सासरी आल्यावर आपल्याला किती दिवस लागले होते, ते आठवावे म्हणजे राग येणार नाही. फार लहान पिल्लू आणू नये. आईपासून ते निदान दोन महिन्यांचे होईपर्यंत तोडू नये. एकटे पिल्लू रात्री आईला आणि भावंडांना हाका मारते. त्याच्या खोक्यात कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली तर ऊब मिळते आणि पुष्कळ फरक पडतो.

दुसरे कारण भूक आणि रिकामपण. दिवसभर मांजर निजू दिले आणि संध्याकाळी त्याच्याकडे कोणी पाहिले नाही, तर ते रात्री खेळणारच. निजण्यापूर्वीचा खेळ आणि त्यानंतरचे जेवण, हा उपाय मी सांगितलाच. जेवणाबद्दल थोडे बोलते. दूधभात म्हणजे मांजराचे जेवण, ही आपली जुनी समजूत. पण पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. शिवाय मांजराला मांस-मासळीतून मिळणारे टॉरिन नावाचे एक द्रव्य लागतेच. ते न मिळाले तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. ज्यांच्या घरी मासळी शिजत नाही, त्यांनी मांजरांचे बाजारात मिळणारे तयार खाद्य द्यावे. कांदा-लसूण घातलेले कालवण मुळीच देऊ नये, ते मांजराला विषासारखे आहे.

तिसरे कारण आपण लावलेली सवय. हे सर्वांत कठीण, कारण इथे मांजराला शिकवायचे नसून घरातल्या माणसांना शिकवायचे असते. ओरडले की दूध, ओरडले की दार, ओरडले की मांडीवर. असे झाले की मांजर ओरडणारच. चार रात्री आपण नेट धरतो आणि पाचव्या रात्री कंटाळून उठतो. मग मांजर काय शिकते? चार वेळा नाही मिळाले तरी पाचव्यांदा मिळते, तेव्हा जास्त वेळ ओरडावे. म्हणून एकदा ठरले की घरातल्या सर्वांनी एकमताने ते पाळावे. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे, कारण लक्ष देणे बंद केले की पहिल्या काही रात्री ओरडणे वाढते आणि मग उतरते. नेमके वाढले तेव्हाच आपण हार खाल्ली तर सारे कष्ट वाया जातात. ओरडून दटावणे, पाणी फेकणे, चप्पल मारणे ह्यांचा उपयोग नाही. भ्यालेले मांजर आणखीच ओरडते आणि वर आपल्यालाही भिऊ लागते. पण एक सांगते. मांजर रुळले आहे, निरोगी आहे, पोट भरलेले आहे आणि घमेले स्वच्छ आहे, एवढी खात्री झाल्यावरच दुर्लक्ष करावे. खात्री न करता दुर्लक्ष करणे म्हणजे शिस्त नव्हे.

चौथे कारण वयाचे. मांजरी चार ते सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. तेव्हाचे ओरडणे निराळे, लांबलचक आणि कळवळून ओरडल्यासारखे असते. ती जमिनीवर लोळते, अंग घासते. नवखीला वाटते पोटात दुखते आहे. हे सुमारे आठवडाभर चालते, आणि बोका मिळाला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येते. आपल्याकडच्या हवेत हे बहुतेक वर्षभर चालू राहते. बोका मिळाला तर नऊ आठवड्यांनी चार-पाच पिल्ले. ती पिल्ले मग कोणाच्या दारात ठेवायची हा प्रश्न. बोक्यांचेही तसेच. त्यांची भांडणे, गुरगुरणे आणि दारावर धार मारणे हे सारे त्याच कारणाने. ह्याला गोधडी, खेळ, गजर ह्यांचा काही उपयोग नाही. एकच उपाय, संततिनियमनाची शस्त्रक्रिया. चार-पाच महिन्यांनंतर डॉक्टर ती करतात. एकदा एक तरी बाळंतपण होऊ द्यावे, असे काही जणी म्हणतात. तसे केल्याने मांजरीचा काही फायदा नाही, हे मी डॉक्टरांना विचारून घेतले आहे. रस्त्यावरच्या मांजरांची शस्त्रक्रिया झाली की पुष्कळदा कानाचे टोक किंचित कापतात. तशी खूण दिसली तर समजावे की हिचे काम झाले आहे.

पाचवे कारण दुखणे, आणि हे मी मुद्दाम शेवटी सांगते म्हणजे लक्षात राहील. जे मांजर पूर्वी शांत होते आणि एकाएकी रात्री ओरडू लागले, त्याला डॉक्टरांकडे न्यावे. म्हातारी मांजरे ऐकू येईनासे झाले की मोठ्याने ओरडतात. कोणाला मूत्रपिंडाचा त्रास असतो, कोणाला रक्तदाबाचा, कोणाला गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा. काहींना माणसाप्रमाणेच म्हातारपणी भ्रम होतो. आपण कुठे आहोत हेच त्यांना रात्री कळत नाही. त्यांच्यासाठी एक बारीक दिवा लावून ठेवावा.

आणि बोका पाळणाऱ्या भगिनींनी हे नीट ऐकावे. बोका वारंवार वाळूत बसतो, कुंथतो, ओरडतो आणि लघवी होत नाही किंवा थेंबभरच होते, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये. त्याचा लघवीचा मार्ग बंद झालेला असतो. एक-दोन दिवसांत असा बोका मरतो. पुष्कळांना वाटते बद्धकोष्ठ झाले आहे, म्हणून ते एरंडेल पाजत बसतात. तेवढ्यात वेळ निघून जातो. आपल्या घरातली तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर मांजराला चुकूनही देऊ नये. एका गोळीनेही मांजर दगावते.

मुंबईत राहणाऱ्या आपल्याला डॉक्टर दूर नाहीत. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट ह्यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. त्याच्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्या काळी एका धनवान पारशी गृहस्थाने आपल्या पत्नीचे नाव जनावरांच्या दवाखान्याला दिले, ह्याचे मला नेहमी कौतुक वाटते.

आता थोडे कायद्याविषयी. पोत्यात घालून दूर सोडण्याला आपण सोडणे म्हणतो. पण घरात वाढलेले मांजर परक्या बाजारात टाकले की तिथली मांजरे त्याला हुसकावतात, ते घर शोधत रस्ते ओलांडते, आणि पुष्कळदा चाकाखाली येते. १९६० सालच्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याप्रमाणे, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा गुन्हा आहे. हा कायदा होण्यामागे एका स्त्रीचे कष्ट आहेत. भरतनाट्यम नाचणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ साली राज्यसभेत नेमल्या गेल्या. जनावरांच्या छळाविरुद्ध त्यांनी स्वतः विधेयक आणले. पुढे सरकारने आपले विधेयक आणले आणि त्याचा कायदा झाला. १९६२ साली प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले, त्याच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड पन्नास रुपयांपर्यंतच लिहिला आहे. पन्नास रुपयांत आज काय येते ते आपण जाणता. पण जनावराला विष घालणे, ठार मारणे किंवा लुळेपांगळे करणे हा त्याहून मोठा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तरीही मी म्हणेन, शेजारधर्मात कायदा शेवटी काढावा. कायदा दाखवून मांजर वाचते, पण शेजार मोडतो. मांजर पाळणारीने आधी जाऊन सांगावे की, "माझ्यामुळे तुमची झोप मोडते आहे, मी उपाय करते आहे, इतके दिवस द्या." आणि शेजारणीने ते दिवस द्यावेत. मुदत नक्की असली की माणूस सहन करतो. कधी संपणार हे माहीत नसले की साधे म्याऊसुद्धा डोक्यात घणासारखे बसते. मांजर पाळणे म्हणजे बशीत दूध ओतणे एवढेच नव्हे. त्याची लस, शस्त्रक्रिया, घमेले आणि त्याचा आवाज, हे सारे आपल्या पदरात येते. ते झेपत नसेल तर आणूच नये, आणि आणले तर टाकू नये.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या चौकात आज माझ्या मोजणीप्रमाणे सहा मांजरे आहेत. त्यांपैकी दोघींच्याच कानाला खूण आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटतो. प्रत्येकीच्या घरी ते डबे आता मावत नाहीत. ह्या वर्षी साधे तिळगूळ द्यावे आणि वाणाच्या पैशांतून उरलेल्या चारांची शस्त्रक्रिया करून घ्यावी. टोपली माझ्याकडे आहे, न्यायचे काम मी करीन. बरोबर यायला दोघी हव्यात. ज्यांना यायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.